माइन्झचा ‘रेगेस्टा इम्पेरी’ ओपॅक: मध्ययुगाच्या अभ्यासकांनी वापरायलाच हवा

हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या जर्मन मठाधिपती-लेखिकेवर (1098–1179) प्रबंध लिहायला घेतला आणि नेमकी तेव्हाच आमच्या विद्यापीठाने सशुल्क संदर्भसूचीची वर्गणी बंद केली. तेव्हापासून माझी सगळी भिस्त जर्मनीतल्या माइन्झच्या अकादमीच्या या ओपॅकवर, म्हणजे मध्ययुगाविषयीच्या पुस्तकांच्या आणि लेखांच्या ऑनलाइन सूचीवर आहे. पूर्ण मोफत, आणि नोंदी 20 लाखांहून जास्त! खरी श्रीमंती आहे ती गौरवग्रंथांत आणि परिषदांच्या संग्रहांत दडलेल्या लेखांची. ग्रंथालयाचा कॅटलॉग बहुतेकदा पुस्तकाच्या नावावर थांबतो. इथे आतला लेख पान क्रमांकासकट हाती लागतो. लेख मात्र दुसरीकडून मिळवायचा. शोधताना नावाची लॅटिन, फ्रेंच रूपंही टाकून बघाच. ‘हिल्डेगार्डिस’ टाकलं, तेव्हा कुठे मला हवे ते लॅटिन शीर्षकांचे लेख सापडले.