पंचगंगेचं लँडस्केप: पुलावरून की पायऱ्यांवरून?

पंचगंगा घाट रंगवायला बसायचं कुठं, यावरून कोल्हापुरातल्या स्पॉट पेंटिंगवाल्यांत दोन तट आहेत. एक शिवाजी पुलाच्या कठड्याला टेकणारा, दुसरा खाली पायऱ्यांवर मांडी ठोकणारा. मी दोन्हीकडं कागद खर्ची घातलेत.

पुलावरून रचना आयती मिळते, हे कबूल. नदी नजरेला आत ओढून नेते, घाटाची तिरकी रेघ चित्र पेलून धरते, क्षितिज कागदाच्या वरच्या टोकाला जातं. चित्र ऐसपैस दिसतं. मात्र दीपमाळा बुटक्या होतात आणि मूड जरा कॅलेंडरछाप येतो. अर्थात, हे माझं मत.

पण माझं गाडं अडलं ते वाऱ्यापाशी. पुलावरून निम्मा कागद पाण्याचाच. जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, एका दमात खाली आणायचा, तर मध्यावर येईस्तोवर वरचा भाग वाऱ्यानं वाळलेला. तिथं कड धरते. ती मोडायला पुन्हा ब्रश फिरवला की पाणी मळलंच. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे थेंब टाकून पाहिले, तर कागद वाळायचं नाव घेईना. तैलरंगवाल्यांना ही कटकट नाही. त्यांनी खुशाल पूल गाठावा.

पायऱ्यांवर क्षितिज खाली येतं आणि पाण्याची पट्टी अरुंद होते. नजर पाण्यालगत असली की प्रतिबिंब जास्त भरतं. उंचावरून आभाळ कमी आणि गढूळपणा जास्त दिसतो. दीपमाळ आभाळात उभी, तिची सावली पाण्यात. चार-सहा आडवे फटकारे मारले की पाणी झालं. थंडीतल्या सकाळी धुकं असेल तर मागच्या पुलाच्या कमानी निम्म्या पुसून टाकाव्यात. मूड तिथंच मिळतो.

पावसाळ्यात मात्र निवड उरत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, पण त्याच्या बऱ्याच आधी पायऱ्या पाण्याखाली असतात.

तरी ठरत नसेल तर राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात एक चक्कर मारा आणि प्रत्येक निसर्गचित्रात क्षितिज कुठं टाकलंय, तेवढंच बघा. आणि पायऱ्यांवर बसलात तर धुणं चाललंय तिथून जरा वरच्या अंगाला बसा. साबणाचा एक शिंतोडा ओल्या आभाळावर पडला, की रंग तिथून पळतो.