अमेरिकेतल्या माजी सैनिकाचं घरकर्ज: केंद्राची हमी की राज्याचे रोखे?

अमेरिकी सैन्यातून निवृत्त होऊन घर घेणाऱ्या बहुतेकांना केंद्राचं व्हीए (माजी सैनिकांसाठीचं केंद्रीय खातं) कर्ज ठाऊक असतं. पण टेक्सास, कॅलिफोर्निया, ओरेगॉन, विस्कॉन्सिन आणि अलास्का या पाच राज्यांना आणखी एक सवलत आहे. माजी सैनिकांच्या घरकर्जांसाठी ती राज्यं स्वतःच्या हमीवर करमुक्त व्याजाचे रोखे काढू शकतात. यांपैकी एखाद्या राज्यात घर घ्यायचं असेल, तर निर्णयाआधी दोन्ही पर्याय ताडून पाहा.

दोन्हींमधला मूळ फरक पैशाच्या उगमाचा आहे. माजी सैनिकांना सवलती देणाऱ्या १९४४च्या जीआय कायद्यातून आलेल्या व्हीए योजनेत सरकार सहसा स्वतः पैसे देत नाही. कर्ज बँक देते, सरकार त्यातल्या काही भागाची हमी घेते. त्यामुळे डाउन पेमेंट शून्य असलं तरी चालतं आणि दरमहा गहाण विमाही (कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई देणारा) भरावा लागत नाही. त्याबदल्यात एकरकमी फी असते: पहिल्या वेळी, डाउन पेमेंट न भरता, कर्जाच्या २.१५ टक्के. चार लाख डॉलरच्या कर्जावर हे ८,६०० डॉलर होतात. सेवेतल्या दुखापतीची भरपाई मिळणाऱ्यांना ही फी माफ आहे, आणि माझ्या मते निर्णयात सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे. ज्याला फी माफ आहे त्याने व्हीए सोडायला फार भक्कम कारण हवं.

रोख्यांच्या योजनेत व्याज करमुक्त असल्यामुळे गुंतवणूकदार कमी परताव्यावर समाधानी राहतो आणि राज्याला स्वस्तात पैसा मिळतो. तो फायदा कर्जदारापर्यंत किती पोहोचतो, हे बाजारावर ठरतं. बाजारातलेच दर खाली असतील तर फरक नगण्य असू शकतो.

कॅलिफोर्नियाच्या कॅलव्हेट योजनेची सुरुवात १९२१ची. २०१८ साली मतदारांनी तिच्यासाठी आणखी एक अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले. तिची रचना नीट समजून घ्यायलाच हवी. घर आधी राज्याचं माजी सैनिक खातं विकत घेतं आणि तुम्हाला कराराने, हप्त्यांवर विकतं. कर्ज फिटेपर्यंत मालकीची कागदपत्रं खात्याच्या नावावर राहतात. राहणं, देखभाल, मालमत्ता कर सगळं तुमच्याकडे, पण घर भाड्याने द्यायचं असेल तर खात्याची परवानगी लागते. वर्षभरात बदलीची शक्यता असेल तर हे जाचक वाटेल. उलट भूकंप आणि पुराचं संरक्षण योजनेतच मिळतं, आणि ते कॅलिफोर्नियात स्वतंत्रपणे घ्यायला गेलं की किती महागात पडतं हे तिथल्या घरमालकाला सांगावं लागत नाही. स्थिर नोकरी असलेल्या, एकाच गावात राहणाऱ्या कुटुंबाला मी हीच योजना आधी सुचवेन.

टेक्सासचं वेटरन्स लँड बोर्ड, म्हणजे माजी सैनिकांसाठीचं राज्याचं मंडळ, घर, घराची दुरुस्ती आणि मोकळी जमीन अशा तिन्हींसाठी कर्ज देतं. जमिनीसाठी अशी सोय क्वचितच मिळते. ३० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना व्याजात अर्ध्या टक्क्याची सूट आहे. इथे बोर्डाचं घरकर्ज व्हीएच्या हमीसह घेता येतं, म्हणजे दोन्ही लाभ एकत्र होऊ शकतात. टेक्सासमध्ये स्थायिक असाल तर ही जोडणी होते का, हे आधी विचारा.

ओरेगॉनची योजना १९४५पासूनची. ती व्हीएपेक्षा पूर्णपणे वेगळी आहे आणि आधी व्हीए कर्ज घेतलं असलं तरी वापरता येते. कर्ज फक्त घर खरेदीसाठी मिळतं, जुनं कर्ज फेडून नवं घेण्यासाठी (पुनर्वित्त) नाही. म्हणून घर आधीच व्हीए कर्जावर घेतलेलं असेल आणि फक्त व्याज उतरवायचं असेल, तर व्हीएच्या सोप्या पुनर्वित्ताकडे जा.

दोन्हीकडचे दर एकाच दिवशी, एकाच मुदतीसाठी लेखी मागवा. सोबत फी, विमा आणि हप्ता वेगवेगळे लिहून घ्या. नुसता व्याजदर बघून सही करू नका.