पॉव्हर्टी पॉइंट, लुइझियाना: टेकाडाआधी वरंबे बघा

अमेरिकेतल्या या प्रागैतिहासिक मातीकामाच्या स्थळावरून निराश होऊन परतणारे बहुधा गाडीतून उतरून थेट माणसांनी रचलेल्या मोठ्या टेकाडावर चढतात आणि फोटो काढून निघतात. खरा ऐवज टेकाडाच्या पुढ्यात आहे: अर्धवर्तुळात एकामागे एक असे मातीचे सहा वरंबे. वस्ती त्यांच्यावर होती. नांगरटीने ते इतके बसलेत की भर दुपारी उठाव कळतच नाही. ही आखणी अभ्यासकांच्याही लक्षात आली ती 1953 मध्ये, जुन्या हवाई छायाचित्रांवरून. हिवाळ्यात दुपार कलल्यावर सावल्या लांबतात, तेव्हा वरंबे ओळखू येतात.

आधी संग्रहालय. छोटंसं आहे, पण तिथले भाजलेल्या मातीचे गोळे नीट पाहा. या भागात दगड नाही, म्हणून गोळे तापवून खड्ड्यातल्या चुलीत अन्न शिजवत. हत्यारांसाठीचा दगड मात्र शेकडो किलोमीटरवरून आणलेला, तांबं थेट अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ग्रेट लेक्स सरोवरांकडचं. आणि हे लोक शेती करत नव्हते! शिकार, मासे, कंदमुळं, कठीण कवचाची फळं एवढ्यावर इ.स.पू. 1700 ते 1100 या काळात त्यांनी हे उभं केलं. ‘आधी शेती, मग मोठी बांधकामं’ हा शाळेत शिकलेला क्रम इथे कोसळतो.

मग ते मोठं टेकाड, म्हणजे टेकाड ‘ए’. उंची सुमारे 22 मीटर, भराव सुमारे 2,38,000 घनमीटर, सगळा टोपल्यांनी वाहिलेला. एवढ्या पावसाच्या प्रदेशात काम वर्षानुवर्षं रेंगाळलं असतं, तर थरांमध्ये वाहून आलेला गाळ किंवा गवताची मुळं सापडली असती. तसं काही नाही. म्हणून बांधणी तीनेक महिन्यांत उरकली असावी, असं उत्खननकर्त्यांचं म्हणणं. म्हणजे माणसं एकाच वेळी मोठ्या संख्येने जमली होती, त्यांना जेवू घालण्याची सोयही होती. वर जायला लाकडी जिना आहे.

आय-20 महामार्गावर डेल्हाय गावाशी (हो, स्पेलिंग दिल्लीचंच) बाहेर पडून उत्तरेला यायचं. तिकीट 4 डॉलर, वेळ 9 ते 5. ट्रामफेरी मार्च ते ऑक्टोबर असते, पण हवामान बिघडलं तर रद्द होऊ शकते. निघण्यापूर्वी फोन करा. पायवाट सुमारे 4 किलोमीटरची, सावली कमी. उन्हाळ्यात डास आणि गोचिडांसाठी औषध लावून, लांब पँट घालूनच चाला. जमिनीवर दिसलेला गोळा किंवा दगड उचलणं बेकायदा आहे.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो वरंब्यांना छेदून जाणाऱ्या डांबरी रस्त्यासाठी.