नॉर्थ डकोटात मुक्काम: स्वतःचा तंबू की तयार यर्ट?

मेडोरा गावाजवळचे बॅडलँड्स (झिजलेल्या मातीच्या ओसाड टेकड्या) आणि साकाकाविया तलाव एकाच फेरीत करायचे, तर झोपायचं कुठे: स्वतःच्या तंबूत की यर्टमध्ये, म्हणजे आधीच उभारलेल्या गोल, कापडी घरात?

खर्चात तंबू सरळ जिंकतो. विमानाने येणाऱ्यांना मात्र स्टोव्हच्या गॅसचा डबा आणता येत नाही, तो तिथेच विकत घ्यावा लागतो.

खरी परीक्षा वाऱ्याची. तलावाकाठी आडोसा कमीच. उंच फॅमिली तंबू आडवा होतो. बुटका, घुमटाकार घ्या, दार वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला, आणि सोबत मिळणाऱ्या बारक्या खुंट्यांऐवजी फूटभर लांबीच्या वापरा. बॅडलँड्सची बेंटोनाइट माती सुकी असताना खुंटी आत घेत नाही आणि भिजली की फुगून साबणासारखी निसरडी होते. यर्टला हा जाच नाही: जाळीदार लाकडी भिंत, पक्की जमीन. क्रॉस रँच स्टेट पार्कात मिसूरी नदीकाठी यर्ट आहेत, पण मेडोराहून दोनेक तास दूर. अंथरूण-पांघरूण मिळतं का, तेवढं आधी विचारा.

तंबूसाठी मेडोराजवळच्या थिओडोर रूझवेल्ट राष्ट्रीय उद्यानातल्या कॉटनवुड कॅम्पग्राउंडवर शॉवर नाही, वीजजोडही नाही. बायसन (गव्यासारखे मोठे रानटी प्राणी) मात्र खुशाल तंबूंजवळून जातात. किमान 25 यार्ड लांब राहा.

लहान मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर यर्ट. तारे आणि बायसन बघायचे असतील, गाडीत सामान असेल, तर कॉटनवुडच.