‘कॉईल गेली’ म्हणून लावलेलं बिल आणि न बदललेली कॉईल

ऑगस्ट-सप्टेंबरात आंबा-काजूच्या बागांत गवत कंबरेएवढं होतं, गडी मिळत नाहीत आणि ग्रास कटर नेमका तेव्हाच बंद पडतो. फसवणारा मिस्त्री याच घाईवर जगतो. यंत्र सोडून जायला सांगतो, संध्याकाळी बिल हातात: ‘कॉईल बदलली’, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारा ठोकळा. घरी आणून कव्हर उघडलं तर कॉईलच्या दोन्ही स्क्रूंच्या खाचांत वाळलेला चिखल आणि गवताचा भुगा जसाच्या तसा. पाना लागलेलाच नाही. नवी दिसते ती हँडलजवळच्या वायरीवरची टेप.

खेळ सोपा आहे. इंजिनच्या फिरत्या चाकातलं (फ्लायव्हील) मॅग्नेट कॉईलच्या लोखंडी पायांसमोरून गेलं की आत वीज तयार होते, ठोकळ्यातलं सर्किट योग्य क्षणी ती हजारो व्होल्ट करून प्लगला देतं. बंद करायचं बटण या कॉईलला फक्त अर्थ करतं, म्हणजे इंजिनच्या धातूला जोडतं. त्याची बारीक वायर पाईपला घासून सोलली की बटण न दाबताही कॉईल अर्थ होते आणि करंट गायब.

म्हणून दुकानात जाण्याआधी प्लग काढा, कॅपमध्ये बसवा आणि त्याचे आटे सिलिंडरच्या पंखांना टेकवून दोरी जोरात ओढा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, पेट्रोलची वाफ पेटते. ठिणगी नसेल तर कॉईलवरची ती बारीक वायर उपसून पुन्हा ओढा. आता आली? मग कॉईल ठणठणीत आहे, दोष वायरीत किंवा बटणात. (अशा अवस्थेत इंजिन चालू केलंत तर ते बटणाने थांबणार नाही, चोक पूर्ण लावून हवा बंद करा.) तरीही नाही आली, तर आधी दुसरा प्लग लावून बघा.

मग गॅप, म्हणजे मॅग्नेट आणि कॉईलचे पाय यांतलं अंतर. दोन स्क्रू ढिले करा, मॅग्नेट पायांसमोर आणा, मध्ये व्हिजिटिंग कार्ड घाला, साधारण ०.३ मिमी. मॅग्नेट कॉईलला स्वतःच ओढून घेतं, तसेच स्क्रू आवळा.

मल्टिमीटर लावून ‘बघा, रीडिंगच नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास नको. आत इलेक्ट्रॉनिक्स असल्याने नुसत्या ओहमवरून निकाल लागत नाही. ‘कॉईल रिपेअर केली’ हे तर उघड खोटं, सगळं राळ ओतून बंद केलेलं असतं. आणि ठिणगी आहे पण दोरी हाताला झटका देते, तेव्हा चाकाची चावी (चाक दांड्यावर जागेवर धरणारा छोटा तुकडा) तुटून टायमिंग हललेलं असू शकतं. तिथे नवी कॉईल बसवून काही होत नाही.

खरोखर गेलेली कॉईल बहुधा गरम झाल्यावर दगा देते, थंड झाली की पुन्हा चालते. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी हेच होतं, म्हणून बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच ठिणगी तपासा.

बदलायचीच वेळ आली तर जुन्या कॉईलवर आधी नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि ती परत मागा. इलेक्ट्रिकल पार्टला गॅरंटी नाही असंच दुकानदार सांगतो, तेव्हा पैसे देण्याआधी पंधरा मिनिटं तिथेच यंत्र तापवून, बंद करून, पुन्हा चालू करून घ्या.