ओपनथर्म गेटवे: कंडेन्सिंग बॉयलरवर नजर ठेवायला कितपत कामाचा?

कंडेन्सिंग बॉयलर म्हणजे गॅसवर पाणी तापवून ते रेडिएटरांमधून फिरवत घर गरम करणारा, आणि धुरातली वाफ निववून तिचीही उष्णता वापरणारा बॉयलर. निकाल आधीच सांगतो. बॉयलर किती वेळा पेटतो-विझतो आणि परतीचं पाणी किती गरम येतं, हे पाहायला ओपनथर्म गेटवेइतकं सोयीचं साधन दुसरं नाही. कार्यक्षमतेचा टक्का काढायला मात्र तो घेऊ नका. तो टक्का या साधनातून निघत नाही, आणि जो निघतो त्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

ओपनथर्म ही थर्मोस्टॅट आणि बॉयलर यांची आपसात बोलायची भाषा, आणि गेटवे म्हणजे त्यांच्या दोन तारांच्या मधे बसणारी छोटी सर्किटपट्टी. थर्मोस्टॅट साधारण दर सेकंदाला एक प्रश्न विचारतो, बॉयलर उत्तर देतो आणि गेटवे दोन्ही ऐकून संगणकाकडे पाठवतो. मूळ खुल्या आराखड्याच्या गेटवेवर पिक मायक्रोकंट्रोलर (छोटी संगणक-चिप) असतो आणि सीरियल पोर्टवर ९६०० बॉडच्या वेगाने ओळी येतात. ‘बीसी०१९२डी८०’ अशी एक ओळ घ्या. पहिला बी म्हणजे बोलणारा बॉयलर. त्यापुढच्या सी० मध्ये संदेशाचा प्रकार, म्हणजे ‘वाचलं, हे घ्या उत्तर’. १९ हा सोळा-आधारी आकडा आहे, म्हणजे २५ क्रमांकाची नोंद: बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान. २डी म्हणजे ४५ आणि ८० म्हणजे अर्धा. झाले ४५.५ अंश. होम असिस्टंटसारखी, घरातली उपकरणं सांभाळणारी संगणक प्रणाली हे आपोआप उलगडते, पण आलेख विचित्र दिसायला लागला की कच्ची ओळ वाचता आलेली बरी.

जोडणी सोपी आहे. ओपनथर्मच्या तारांना धन-ऋण नसतं, उलट्या लागल्या तरी चालतं. धोका दुसरीकडे आहे. बॉयलरच्या जोडपट्टीवर ओपनथर्मच्या शेजारीच साध्या चालू-बंद थर्मोस्टॅटची टोकं असतात आणि काही बॉयलरमध्ये तिथे थेट मुख्य वीज खेळते. तिथे गेटवे जोडला तर तो जळालाच म्हणून समजा. वीज बंद करून, पुस्तिकेतला आराखडा पाहूनच तारा लावा. ज्योतीच्या कप्प्याचं झाकण आणि धुराच्या नळीवरचं तपासणीचं छिद्र हे परवानाधारक तंत्रज्ञाचं काम आहे. गेटवेला त्यातलं काही उघडावं लागत नाही.

कामाच्या नोंदी मोजक्याच आहेत. ० क्रमांकात स्थिती, १ मध्ये थर्मोस्टॅटने मागितलेलं तापमान, १७ मध्ये मॉड्युलेशन (बर्नर किती जोरात चालतो तो टक्का), १८ मध्ये दाब, २५ मध्ये जाणारं पाणी, २८ मध्ये परतीचं पाणी आणि ११६ मध्ये बर्नर किती वेळा पेटला तो आकडा. यातली २८ सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तीच बरेच थर्मोस्टॅट विचारतच नाहीत. मूळ गेटवेला ‘एए=२८’ ही आज्ञा दिली की थर्मोस्टॅटच्या एखाद्या निरुपयोगी प्रश्नाच्या जागी तो स्वतः ही नोंद विचारतो. बॉयलरलाच ती माहीत नसेल तर इलाज नाही. परतीच्या नळीवर वेगळा सेन्सर लावा.

मॉड्युलेशनच्या आकड्यावर बहुतेकांची फसगत होते. ओपनथर्मच्या व्याख्येनुसार ० टक्के म्हणजे बॉयलरची किमान शक्ती, बंद नव्हे. २४ किलोवॉटचा बॉयलर १:५ पर्यंत खाली येत असेल तर ० टक्क्यांवरही तो ४.८ किलोवॉट जाळतो आणि ५० टक्के म्हणजे १२ नव्हे, १४.४ किलोवॉट. काही उत्पादक मात्र कमाल शक्तीच्या प्रमाणात आकडा देतात. आपला बॉयलर कोणत्या जातीचा हे ओळखायला तो किमान शक्तीवर स्थिर असताना गॅस मीटर बघा. आकडा ० दाखवतो की २० च्या आसपास, यावरून उलगडा होतो. तसंच स्थितीच्या नोंदीत ज्योतीचा आणि नळाच्या गरम पाण्याचा वेगवेगळा बिट (चालू की बंद सांगणारी खूण) असतो. गरम पाण्याची वेळ वगळल्याशिवाय सरासरी काढली तर मॉड्युलेशन फुगलेलं दिसणार.

आता खरा उपयोग. नैसर्गिक वायूच्या धुराचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते, साधारण ५५ अंश असतो. परतीचं पाणी त्याच्या वर राहिलं की धुरातली वाफ तशीच बाहेर जाते आणि बॉयलर नावापुरता कंडेन्सिंग उरतो. ५० ला थोडी वाफ निवते, ३५ ला भरपूर. म्हणून परतीच्या पाण्याचा आलेख रोज बघण्यासारखा आहे. जाणारं पाणी ७० वर ठेवलेलं असेल तर ते पाच-पाच अंशांनी उतरवत जा. घर गरम राहतंय तोवर उतरवत राहायला हरकत नाही.

दुसरा आलेख ज्योतीचा. थंडी सौम्य असते तेव्हा घराची गरज बॉयलरच्या किमान शक्तीच्याही खाली जाते. मग पाणी भराभर तापतं, मागितलेल्या तापमानाच्या काही अंश वर जाऊन बर्नर विझतो, पाणी निवतं, पुन्हा पेटतो. आलेखात करवतीचे दात दिसतात. प्रत्येक पेटण्याआधी पंखा कप्प्यातला वायू बाहेर ढकलतो, त्याबरोबर उष्णताही जाते. इग्निशन आणि गॅस झडप झिजतात ते वेगळंच. तासाला दोन-तीनदा पेटणं ठीक. सहाच्या वर गेलं आणि दर खेपेला ज्योत दोन-तीन मिनिटंच टिकत असेल, तर आधी पाण्याचा प्रवाह बघा: किती रेडिएटरच्या झडपा मिटल्या आहेत, गाळणी तुंबली आहे का, पंपाचा वेग किती. मग हीटिंगच्या कमाल शक्तीची मर्यादा आणि पुन्हा पेटण्याआधीचा थांबा, ही दोन सेटिंग्ज. किमान शक्तीच जास्त असेल तर सेटिंगने थोडाच फरक पडतो. बॉयलर घराला मोठा झालेला असतो. नोंदींमधलं अंतर दहा सेकंद ठेवा. पाच मिनिटांच्या सरासरीत हे दात गुळगुळीत होऊन जातात आणि सगळं आलबेल भासतं.

सोबत जाणाऱ्या आणि परतीच्या नळीसाठी डीएस१८बी२० या तापमान सेन्सरची जोडी जरूर घ्या, स्वस्त आहेत. डेटाच्या तारेवर ४.७ किलोओहमचा रोध लागतो. सेन्सर तांब्याच्या उघड्या नळीवर उष्णतावाहक पेस्ट लावून घट्ट बांधा आणि वरून इन्सुलेशन गुंडाळा, नाहीतर तो निम्मी खोलीच मोजतो. नेमकं ८५ अंश दिसलं तर ते पाणी उकळायला आल्याचं लक्षण नसून सेन्सर नुकताच रीसेट झाल्याचं आहे. उणे १२७ म्हणजे तार सुटली.

टक्का का निघत नाही ते या सेन्सरवरूनच कळेल. मिनिटाला १० लिटर प्रवाह, जाताना ४५, येताना ३७ अंश. एक लिटर प्रतिमिनिट आणि एक अंश फरक म्हणजे सुमारे ७० वॉट, म्हणून उष्णता ५.६ किलोवॉट. त्याच वेळी मीटरवर सहा मिनिटांत ०.०६ घनमीटर गॅस, म्हणजे तासाला ०.६, घनमीटरला १०.५ किलोवॉट-तास धरले तर ६.३ किलोवॉट. उत्तर ८९ टक्के. छान वाटतं. पण सेन्सरची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश आहे. दोघं विरुद्ध दिशांना चुकले तर आठ अंशांच्या फरकात एक अंशाची खोट येते आणि उत्तर ७८ ते १०० यांत कुठेही असू शकतं. दोन्ही सेन्सर एकाच पाण्यात बुडवून त्यांच्यातली तफावत वजा केली तर बरंच सुधारतं, तरी प्रवाह अंदाजाचाच राहतो. टक्का हवाच असेल तर प्रवाह आणि उष्णता दोन्ही मोजणारा अल्ट्रासॉनिक हीट मीटर बसवावा लागेल.

त्यापेक्षा प्लास्टिकची बादली बरी! एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की साधारण १.६ लिटर पाणी तयार होतं. निचऱ्याच्या नळीच्या शेवटच्या टोकाशी ते गोळा करा, तेवढ्याच वेळातला गॅस मीटरवर वाचा. घनमीटरमागे ०.८ लिटर जमलं तर निम्मी वाफ निवली. प्रत्येक लिटरमागे सुमारे ०.६८ किलोवॉट-तास उष्णता परत मिळाली. बॉयलरखालच्या सायफनला हात लावू नका, त्यातलं पाणीच धूर घरात येण्यापासून अडवतं. आणि हे पाणी आम्लधर्मी असतं, जस्ताची बादली चालणार नाही.

उणिवा दोन. बायपास रिले (वीज गेल्यावर दोन्ही बाजू थेट जोडून देणारा स्विच) नसलेल्या गेटवेची वीज गेली की थर्मोस्टॅट आणि बॉयलर यांचा संवादही तुटतो, म्हणून त्याचा अडॅप्टर धड असू द्या. दुसरी जास्त अडचणीची: व्हेलंटचे बरेचसे बॉयलर ईबस आणि बॉशचे ईएमएस ही वेगळीच भाषा बोलतात. तिथे हा गेटवे बहिरा आहे, त्या त्या भाषेचा वेगळा अडॅप्टर लागतो. घेण्याआधी बॉयलरच्या जोडपट्टीवर आणि थर्मोस्टॅटच्या पुस्तिकेत, दोन्हीकडे ओपनथर्मचा उल्लेख आहे का ते बघून घ्या.