मेनू उघडेना म्हणून फोन केला, 86,359 रुपये गेले

ॲपचा मेनू अडकला तर कुठल्याही ‘कस्टमर केअर’ला फोन लावू नका. फुकटच्या ॲपवाले तुमच्या-माझ्यासाठी फोन धरून बसलेले नसतात. इंटरनेटवर त्यांचा नंबर सापडला तर तो चोराचाच धरून चाला.

सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझं दुकान आहे, हळद पावडर आणि बेदाणा. अर्ध्या किलोची पाकिटं करून पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवतो. निम्म्याहून जास्त ऑर्डरी सोशल मीडियावरच्या पेजवरून येतात. ऐन दिवाळीच्या तोंडावर त्या पेजचा मेनू बंद पडला. वरच्या तीन रेघा दाबा, पोस्टच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, ढिम्म. बेदाण्याचा भाव वाढलेला, पण जुन्या भावाची पोस्ट दुरुस्तही करता येईना आणि काढताही येईना. गिऱ्हाईक जुन्याच भावाने माल मागायला लागलं. अशा वेळी डोक्यात काय चालू असतं ते ‘जरा थांबायचं होतंस’ म्हणणाऱ्यांना कळायचं नाही.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला, तो मीटिंगमध्ये. मग इंटरनेटवर कस्टमर केअर शोधलं. सगळ्यात वर नंबर, शेजारी ॲपचं हुबेहूब चिन्ह. त्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, ते आता दिसतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गोड हिंदी, वाक्यागणिक ‘सर’, व्हॉट्सॲपवर आलेली फाइल. ती टाकताना फोनने इशारा दिला, तर फोनवरचा माणूस म्हणाला, ‘कुछ नहीं सर, अलाउ कर दीजिए.’ मग व्हेरिफिकेशनचे 10 रुपये, त्याने पाठवलेल्या पानावर, डेबिट कार्डाने.

तीन ठिपके उघडत नाहीत, त्याचा माझ्या डेबिट कार्डाशी संबंध काय? हा प्रश्न तेव्हा पडायला पाहिजे होता, आता रोज रात्री पडतो. त्याहून जास्त झोंबतं ते पुढचं. तो म्हणाला, ‘अपडेट चल रहा है सर, फोन उल्टा रख दीजिए, टच मत कीजिए.’ मी फळीवर पालथा ठेवला आणि पाकिटं सील करायला बसलो. फोन थरथरत होता. मला ऐकू येत होतं! मला वाटलं, अपडेट चाललंय. ओटीपी येत होते, आणि तो तिकडे बसून माझ्या पडद्यावर ते वाचत होता.

मी अडाणी नाही. बीकॉम आहे, जीएसटीचं रिटर्न स्वतः भरतो. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे पाठ आहे आणि मी एक आकडासुद्धा तोंडातून काढलेला नाही. स्क्रीन बघता येणाऱ्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं. बँकेने तो इशारा माझ्यापर्यंत कधी पोचवला? कर्जाच्या जाहिराती मात्र रोज पोचतात.

24,999. मग 49,000. हे दोन मेसेज दिसल्यावर फोन बंद केला आणि आमच्या मंडळींच्या फोनवरून बँकेचा टोल फ्री नंबर लावला. तेव्हा 5 वाजून 12 मिनिटं झाली होती. मराठीसाठी अमुक दाबा, कार्डासाठी तमुक दाबा, आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, आपला कॉल महत्त्वाचा आहे. तो महत्त्वाचा कॉल वाजत असतानाच 5 वाजून 19 मिनिटांनी आणखी 12,350 गेले. तासगावच्या बागायतदाराला द्यायचे होते ते पैसे. खात्यात उरले 412.

शाखेत गेलो तर साहेबांनी मान वर न करता सांगितलं, ‘ओटीपी तुम्हीच दिलाय.’ दिला नाही म्हटलं तर म्हणे सिस्टिमला तसंच दिसतं. रिझर्व्ह बँकेचा याबद्दलचा नियम (तो 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने आला) वाचा आणि छापून बरोबर न्या. ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं नुकसान. ग्राहकाची जबाबदारी होती हे सिद्ध करायचं कामही बँकेचंच. म्हणजे 12,350 वर माझा हक्क आहे. त्यावर उत्तर काय, तर प्रतिनिधीने फोन उचलला तेव्हापासून ‘कळवलं’ धरतात. वा! फोन उचलायचा नाही आणि नंतर म्हणायचं, कळवलं कुठं? कॉल लॉगचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, तोच माझा एकमेव पुरावा आहे.

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यात द्या. परत ठाण्यात, तर आयटी कायद्याचा तपास पीआयच करू शकतात आणि साहेब बंदोबस्तावर. पीआयचं ते खरं आहे, कायद्यात तसंच आहे. पण म्हणून तक्रार नोंदवून घ्यायला कुणी मनाई केलीय? गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याने नोंदवून घ्यायचा, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय. हे मी बोलून दाखवल्यावर हवालदार म्हणाला, ‘वकील आहात का?’ शेवटी साध्या अर्जावर शिक्का मिळाला. 86,359 ही लहान रक्कम! त्यांच्या पगारातून कापून बघा म्हणावं.

त्यातल्या त्यात उपयोग झाला तो 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा. लागायला वेळ लागतो, पण लावत राहा, आणि बँकेत जायच्या आधी लावा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर चढली आणि चोराने पैसे पुढे वळवलेल्या कुठल्या तरी खात्यात 8,200 रुपये होल्ड झाले, म्हणजे तिथेच अडकवले.

मेनूचं काय झालं? संध्याकाळी भाच्याचा फोन आला. ‘मामा, सेटिंगमध्ये जाऊन ॲपचा कॅशे, म्हणजे साठलेला तात्पुरता डेटा, साफ करा, मग प्ले स्टोअरवरून ॲप आणि अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू (ॲपमध्ये वेबपानं दाखवणारा फोनचा भाग) अपडेट करा.’ आधी ती चोराची फाइल काढायला लावली, मग हे. मेनू उघडला. फुकट. संगणकावर अडकला तर ब्राउझरमधलं जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बंद करून बघायचं किंवा खासगी विंडोत उघडायचं, हेही त्यानेच सांगितलं.

बँकेकडून 30 दिवसांत धड उत्तर आलं नाही, म्हणून 12,350 साठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे. होल्डवरचे 8,200 सोडवायला कोर्टाचा हुकूम आणा म्हणतात. सांगली-मिरजेत कुणी असे पैसे सोडवून आणले असतील तर कोणते कागद लागले आणि वकिलाने किती घेतले, तेवढं कळवा.